रोग रेड्याला, औषध पखालीला
(इंदूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पखाल म्हणजे काय, हे मात्र पुढच्या रांगेतल्या तरुण मंडळींना सांगावं लागेल. रेड्याच्या पाठीवर लादायची पाण्याची कातडी पिशवी म्हणजे पखाल. रेडा आजारी पडलाय आणि वैद्यबुवा पखालीला लेप लावतायत. अशा वैद्याला हसण्यासाठीच ही म्हण आहे. मी आज तासभर त्या वैद्यबुवांचं वकीलपत्र घेणार आहे.

ज्या डॉक्टरसाहेबांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्यांना हा विषय आवडला असता. औषध लिहून दिलं की ते आम्हा पोरांना विचारत, "हे पोटात गेल्यावर कुठे जातं आणि कुणाला भेटतं?" 'कुणाला भेटतं' हे त्यांचे शब्द. तेव्हा आम्हाला ते गमतीचं वाटायचं. पुढे आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवताना कळलं, की औषधशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नात आहे.

प्रश्न सोपा करून मांडतो. पेशीतलं एक प्रथिन बिघडलं. प्रथिन बहुधा एकटं नसतं, दोन-चार तुकड्यांनी मिळून बनलेलं असतं. पुस्तकात या तुकड्याला 'उपघटक' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण त्याला कचेरीचा वास येतो, म्हणून मी 'साखळी' म्हणेन. तर बिघाड एका साखळीत आहे. मग औषधानं त्याच साखळीला भेटलं पाहिजे का?

उदाहरण लांबचं घेत नाही. इथून पश्चिमेला निघालात की धार, झाबुआ, अलिराजपूर, आणि नर्मदेच्या बाजूला बडवानी, खरगोन. या पट्ट्यातल्या भिल, भिलाला, बारेला कुटुंबांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. सातपुडा ओलांडला की नंदुरबार. राज्य बदलतं, पाटीवरची भाषा बदलते, आजार तोच. मी नोकरीला नवा असताना एका रुग्णालयात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पाहिला होता. हातपाय आणि पाठ दुखते म्हणून आणलेला. आई भिलीत काही सांगत होती आणि मुलाचा काका त्याचं हिंदी करत होता. कागदावर संधिवात लिहिलं होतं आणि उपचारही त्याचेच चालले होते. त्या मुलाच्या रक्ताचा एक थेंब कुणी सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा गोल तबकड्यांमध्ये मधूनमधून विळे पडलेले दिसले.

असे विळे पहिल्यांदा छापून आले ते १९१० साली. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्ताचं वर्णन केलं. नंतर १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष पेशीच्या आकारात नसून आत भरलेल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. विजेच्या क्षेत्रात ठेवलं तर हे हिमोग्लोबिन नेहमीच्यापेक्षा वेगळ्या चालीनं सरकतं. 'रेणूचा आजार' ही कल्पनाच तिथे जन्मली. मग केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी ट्रिप्सिननं हिमोग्लोबिनचे तुकडे केले, कागदावर पसरवले आणि डागांची ठेवण पाहिली. सगळे डाग जागच्या जागी, एकच हललेला. १९५७ पर्यंत उत्तर हाती आलं: बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. नव्या मोजणीत हा मणी, म्हणजे साखळीतलं हे अमिनो आम्ल, सातवा धरतात, कारण पेशी साखळी विणताना सुरुवातीला घालते आणि नंतर तोडून टाकते तो मणीही आता मोजला जातो. मी जुन्या सवयीनं सहावाच म्हणणार.

हिमोग्लोबिन म्हणजे चार साखळ्या: १४१ मण्यांच्या दोन अल्फा आणि १४६ मण्यांच्या दोन बीटा. प्रत्येकीच्या कुशीत एक लोहाचा अणू आणि त्याला एक ऑक्सिजन. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू. चार साखळ्या कशाला? एकीनं भागलं नसतं का? प्राणवायू नुसता धरून ठेवायचा असता तर भागलं असतं. तो फुप्फुसात पटकन उचलायचा आणि स्नायूत पटकन सोडायचा, हे काम एकटीचं नाही. पंगत आठवा. पहिला पाट रिकामा असेपर्यंत सगळे 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करत उभे असतात. एक जण बसला की बाकीचे भराभर बसतात. उठतानाही तसंच. हिमोग्लोबिनच्या एका साखळीनं ऑक्सिजन धरला की सगळ्या रेणूची बैठक थोडी फिरते आणि उरलेल्या साखळ्यांना तो धरणं सोपं जातं. भरलेली आणि रिकामी अशा या दोन बैठका मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांनी उकलून दाखवल्या. १९६२ सालचं नोबेल त्यांना जॉन केन्ड्र्यू यांच्यासोबत मिळालं.

आता सहाव्या मण्याकडे येऊ. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युत्‌भार असतो. ते पाण्यात खूश असतं. व्हॅलिन तेलकट आहे, त्याला पाणी सोसत नाही. रेणूच्या बाहेरच्या अंगावर असा एक तेलकट ठिपका आला, की तो लपायला जागा शोधतो. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर तशी एक खाच आहे, ८५ आणि ८८ या मण्यांपाशी. पण ती खाच या ठिपक्याला पुरेशी मोकळी होते ती रेणूची बैठक रिकामी असताना, म्हणजे ऑक्सिजन सोडून दिल्यावर. मग एकाचा ठिपका दुसऱ्याच्या खाचेत, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, अशी सुतं निघतात. चौदा सुतांचा पीळ बसून दोर होतो, आणि हे दोर आतून ढकलून पेशीचा विळा करतात. विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो. त्या मुलाचं हाड दुखत होतं ते यामुळे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्तही कमी.

इथे एक गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते, आजाराला सुंदर म्हणण्याचा दोष पत्करून सांगतो. हे दोर ऑक्सिजन सुटताक्षणी तयार होत नाहीत. आधी काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकाएकी सगळं थिजतं, विरजणासारखं. हा मधला काळ विल्यम ईटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मोजला. तो हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो, आणि साधासुधा नाही, जवळपास तिसाव्या घातानं. हिशेब करून पाहा: पेशीतला दाटपणा दहा टक्क्यांनी उतरवला तर हा काळ वीसपटीहून जास्त लांबतो. तेवढ्या वेळात पेशी बारीक वाहिनी ओलांडून परत फुप्फुसाकडे निघालेली असते. म्हणजे औषधानं सहावा मणी दुरुस्त करण्याची गरज नाही. दोर उद्या झाले तरी चालतील, आज या वळणावर होऊ नयेत, इतकंच पुरे.

वैद्यबुवांची बाजू इथून उभी राहू लागते.

सहाव्या मण्याला हात न लावता दोर टाळण्याची गोष्ट निसर्गानं आधीच करून ठेवली होती. न्यूयॉर्कमध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ साली, म्हणजे ज्या वर्षी आपलं एमजीएम मेडिकल कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी, लिहून ठेवलं की हा दोष घेऊन जन्मलेल्या बाळाच्या पेशी विळ्यासारख्या सहज होत नाहीत. बाळ चार-सहा महिने ठणठणीत असतं. का? गर्भात असताना आपल्याकडे बीटा जवळजवळ नसतेच. तिच्या जागी गॅमा नावाची साखळी असते. आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला ती जास्त लायक. जन्मानंतर गॅमाचं जनुक हळूहळू झोपी जातं आणि बीटाचं जागं होतं. गॅमा आतून शाबूत असते, फक्त गप्प केलेली.

आणि गॅमाचा एक गुण असा, की ती दोराच्या पिळात बसतच नाही. बीटाच्या ८७व्या जागी थ्रिओनिन असतं, गॅमाच्या ८७व्या जागी ग्लुटामिन. एवढ्या फरकानं शेजाऱ्याशी सांधा जुळत नाही. एक साखळी सदोष बीटा आणि दुसरी गॅमा असा मिश्र रेणू झाला तरी तो सूत कातायला नालायक. घरात एक जण भांडकुदळ असला तरी दुसरा हात पाठीमागे बांधून उभा राहिला तर मारामारी होत नाही, तसं.

आता औषधांकडे. सगळ्यात जुनं आणि आजही सगळ्यात उपयोगी पडणारं औषध हायड्रॉक्सीयुरिया. १८६९ साली जर्मनीत ते बनलं तेव्हा या आजाराला नावही नव्हतं. पुढे ते रक्ताच्या कर्करोगात वापरलं जाऊ लागलं. डॉक्टरसाहेबांचा प्रश्न विचारू या: ते कुणाला भेटतं? हिमोग्लोबिनला नाहीच. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचे सुटे भाग तयार करणारं रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज नावाचं एक विकर आहे. तेही दोन प्रकारच्या साखळ्यांचं. त्यातल्या धाकट्या साखळीत टायरोसिनच्या एका मण्यावर एक सुटा इलेक्ट्रॉन जपून ठेवलेला असतो, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. हायड्रॉक्सीयुरिया तो निखारा विझवतं. मज्जेतल्या घाईनं वाढणाऱ्या पेशींची गती मंदावते, तांबड्या पेशींच्या उत्पादनाची घडी बदलते आणि या गडबडीत झोपलेली गॅमा अंशतः जागी होते. शिवाय पेशी मोठ्या होतात. म्हणजे आतला दाटपणा उतरतो, आणि तो उतरला की काय होतं ते आत्ताच पाहिलं. दोष हिमोग्लोबिनच्या बीटात, औषध लागतं भलत्याच विकराच्या धाकट्या साखळीला, आणि कामी येते गॅमा. रेडा, पखाल आणि पाणक्या, तिन्ही वेगळे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत प्रौढांमधल्या वेदनेच्या झटक्यांचं प्रमाण यानं जवळपास निम्म्यावर आलं. १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं मान्यता दिली.

आता सरळमार्गी माणसाची गोष्ट ऐका. व्होक्सेलोटोर. रेणूची रचना पाहून, संगणकावर बसवून, हिमोग्लोबिनसाठीच घडवलेलं औषध. व्हॅनिलाच्या वासाचा जो रेणू, व्हॅनिलिन, त्याच्या जातीचा हा लांबचा भाऊ. व्हॅनिलिनही परीक्षानळीत विळे रोखतं, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. (म्हणून सराफ्यात जाऊन आइस्क्रीम खाऊ नका, पोटातून रक्तात ते तेवढं टिकत नाही.) व्होक्सेलोटोर कुठे बसतं? बीटावर नाही! अल्फा साखळीच्या टोकाच्या पहिल्या मण्यावर. सगळ्या रेणूला ते 'भरलेल्या' बैठकीत धरून ठेवतं. बैठक रिकामी झालीच नाही तर खाच मोकळी होणार नाही, सूत निघणार नाही. विचार निर्दोष. २०१९ मध्ये चाचणीचे आकडे आले: पूर्ण मात्रा घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचं हिमोग्लोबिन एका ग्रॅमहून जास्त वाढलं. त्याच वर्षी घाईघाईची मान्यता मिळाली. वेदनेचे झटके मात्र त्या प्रमाणात कमी झाले नव्हते. २०२२ मध्ये फायझरनं मूळ कंपनी ५४० कोटी डॉलरला विकत घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच फायझरनं हे औषध जगभरातून मागे घेतलं. नव्या माहितीत झटके आणि मृत्यू यांचं पारडं जड दिसत होतं.

माझं मत सांगतो, ते माझंच समजा. हिमोग्लोबिनचं काम ऑक्सिजन धरणं जेवढं, तेवढंच सोडणं. पंगतीत बसलेल्याला उठूच दिलं नाही तर पुढच्या पंगतीचं काय? प्रयोगशाळेतला अहवाल म्हणतो हिमोग्लोबिन वाढलं, पण त्यातलं किती स्नायूला, मेंदूला मिळालं? हा प्रश्न काही संशोधक आधीपासून विचारत होते. नेम धरून मारलेला बाण चुकला, असं मी म्हणत नाही. बाण बरोबर लागला. जिथे लागला ती जागा फार कामाची निघाली.

तिसरा मार्ग गॅमाला थेट उठवण्याचा. तिला झोपवतो कोण, हे २००८ पर्यंत नीट कळलं नव्हतं. त्या वर्षी बीसीएल११ए या प्रथिनाचं नाव पुढे आलं. बोस्टनमधल्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन यांनी दाखवलं, की हे प्रथिन कमी केलं की गॅमा जागी होते. त्याला गोळीनं अडवणं अवघड. शिवाय शरीरात इतरत्रही त्याची कामं आहेत. तेव्हा डीएनए कापणारी क्रिस्परची कात्री चालवली गेली ती जनुकावर नाही, तर जनुकाला फक्त तांबड्या पेशींच्या वंशात चेतवणाऱ्या एका छोट्या खटक्यावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि ८ डिसेंबरला अमेरिकेनं या उपचाराला मान्यता दिली. पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर मोठा झटका आला नाही. लक्षात घ्या, जनुकाची कात्री हातात असूनही या उपचारात सहाव्या मण्याला हात लावलेला नाही. त्याच दिवशी मान्य झालेल्या दुसऱ्या उपचारात रुग्णाला बीटाचं नवं जनुक देतात, आणि त्या बीटाच्या ८७व्या जागी मुद्दाम गॅमाचं ग्लुटामिन बसवलेलं असतं. धाकटीनं थोरलीचा दागिना उसना घेतल्यासारखं.

किंमत? मान्यता मिळाली तेव्हा पहिल्याची २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख. शिवाय आधी मज्जा रिकामी करण्याची केमोथेरपी आणि महिन्याभराचा रुग्णालयातला मुक्काम. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेनं स्वतःची क्रिस्पर पद्धत घडवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती 'बिरसा १०१' या नावानं जाहीर झाली. नाव चांगलं दिलं आहे.

भारतातली कहाणी थोडक्यात सांगतो. १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत हा दोष दाखवला. तोवर हा आफ्रिकी वंशाचाच आजार, अशी समजूत होती. १९५८ मध्ये नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातही हा दोष असल्याचं 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी पुढची कित्येक दशकं महाराष्ट्राच्या आदिवासी पाड्यांवर रक्ताचे नमुने गोळा करण्यात घालवली. आपल्याकडच्या रुग्णांत गॅमा मुळातच थोडी जास्त जागी असते. त्यावरून 'भारतातला सिकलसेल सौम्य' असं एक वाक्य पुस्तकांत शिरलं. मीही ते वर्गात शिकवलं आहे आणि आज त्याची लाज वाटते. नागपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातली मुलं वर्षानुवर्षं पाहिली, आणि ती सौम्य आजाराची मुलं नव्हती. त्यांनीच २०१२ मध्ये दाखवलं, की हायड्रॉक्सीयुरियाची दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम एवढी कमी आणि ठरावीक मात्राही भारतीय मुलांना चांगली लागू पडते. पाश्चात्त्य पद्धतीत मात्रा सोसेल तिथपर्यंत चढवत नेतात आणि वारंवार रक्त तपासतात. कमी मात्रेत ती धास्ती कमी. मला विचाराल तर या क्षेत्रातलं आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं काम हे. त्यात कात्री नाही, संगणक नाही, फक्त मात्रा आहे.

हा दोष टिकला कसा, हेही सांगायला हवं. आईबापांपैकी एकाकडूनच तो आला तर माणूस वाहक असतो, आजारी नसतो, आणि मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत ते दाखवलं. सातपुड्याच्या जंगलात मलेरियानं काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून वाहकाला 'दोषी' म्हणू नका. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे उद्दिष्टाचं वर्ष. झाबुआ-अलिराजपूरमध्ये राज्याचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. तपासलेल्याला कार्ड मिळतं; दोन वाहकांचं लग्न ठरत असेल तर प्रत्येक अपत्यामागे चारात एक धोका, हे आधी कळावं म्हणून. पत्रिका जुळवणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी नाही. पण पत्रिका न जुळल्यावर मुलीच्या वाट्याला काय येतं, तेही आपल्याला माहीत आहे. कार्ड देताना ते दोघांनाही समजावून सांगणारं माणूस तिथे हवं.

आणि औषध? हायड्रॉक्सीयुरिया स्वस्त आहे. रोज घ्यावं लागतं, बंद केलं की गॅमा पुन्हा झोपते. ठरावीक दिवसांनी रक्ताची गणना करावी लागते, कारण तो निखारा पांढऱ्या पेशींच्या घरातलाही विझतो. आता झाबुआच्या कुटुंबाचं वर्ष पाहा. पेरणी-कापणीला घरी, बाकीचे महिने गुजरातेत बांधकामावर. कार्ड झाबुआचं, पोर सुरतेत, गोळ्या संपल्या. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाच्या हाटाला मात्र सगळे परततात. मी गेली काही वर्षं भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगतोय, रक्तगणनेचं टेबल भगोरियात मांडा, ढोल-मांदळाच्या बाजूला. हसतात. तेही पखालीला लेप लावणंच आहे, मला मान्य आहे.

वेळ संपत आली. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी दोन मोठे फोटो लावले आहेत. तपासणीत रक्ताचा थेंब डायथिओनाइटच्या द्रावणात टाकतात आणि नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरतात. डाव्या फोटोत नळीतून रेघा स्पष्ट दिसतात. उजव्या फोटोत ती नळी गढूळ आहे, रेघा दिसत नाहीत. तो गढूळपणा म्हणजेच मी सांगत होतो ते दोर. ही चाचणी वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखत नाही, त्यासाठी पुढची तपासणी लागते. इतक्या पायऱ्यांनंतर ते कार्ड हातात पडतं. चहा घेताना जरूर पाहा, आणि कुणाला प्रश्न असतील तर मी तिथेच उभा आहे.